नाण्यातली खोट : टांकसाळीची की हातोडीची?

सुट्ट्या पैशांत एखादे वेडेवाकडे नाणे आले की याचे लाख रुपये मिळतील का, असा विचार मनात डोकावतोच. पण प्रत्येक विचित्र नाणे म्हणजे टांकसाळीची चूक नव्हे. खरी चूक घरच्या घरी कशी ओळखावी आणि फसवणाऱ्यांपासून कसे सावध राहावे, याची ही ओळख. सुरुवात लखनौच्या एका रुपयापासून.

लखनौला गेलेला मराठी पाहुणा इमामबाडा पाहतो, चिकनचे कुर्ते घेतो आणि चौकातल्या गल्ल्यांतून फिरतो. इथल्या जुन्या सराफांनी पिढ्यान् पिढ्या हाताळलेला एक जाडसर चांदीचा रुपया आहे. एका बाजूला फार्सी अक्षरे, दुसऱ्या बाजूला मासा. म्हणून लोक त्याला 'मछलीदार' रुपया म्हणत. मासा ही अवधच्या नवाबांची खूण. लखनौच्या जुन्या दरवाजांवर तो कोरलेला दिसतो आणि आजच्या उत्तर प्रदेश सरकारच्या बोधचिन्हातही माशांची जोडी आहे.

हा रुपया नवशिक्याच्या हाती दिला तर तो त्यात चार चुका काढील. पहिली, ठसा मधोमध उमटलेला नाही; कडेची अक्षरे अर्धवट तुटलेली आहेत. दुसरी, मध्येच कुठे तरी बारीक खिळ्याने ठोकल्यासारख्या खुणा आहेत. तिसरी, त्यावर शाहआलम बादशहाचे २६ वे राज्यवर्ष आहे. रुपया मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी पाडलेला असू शकतो. आणि चौथी तर फारच ठळक. नाणे लखनौच्या टांकसाळीतले, पण त्यावर टांकसाळीचे नाव आहे 'मुहम्मदाबाद बनारस'!

गंमत अशी की या चारांपैकी एकही टांकसाळीची चूक नाही. हे नाणे हाताने, हातोड्याचा घाव घालून पाडलेले. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे काही अक्षरे बाहेर राहायचीच. खिळ्यासारख्या खुणा सराफांच्या. चांदी खरी आहे का हे पारखताना ते अशा खुणा करीत. वर्षाची गोष्ट आणखी निराळी. त्या काळी जुन्या सालाच्या रुपयावर बाजारात बट्टा कापला जाई. एकच साल कायम ठेवले की ही कटकट राहत नसे. ईस्ट इंडिया कंपनीनेही बंगालमध्ये १९ व्या राज्यवर्षाचा रुपया असाच वर्षानुवर्षे चालू ठेवला होता. आणि बनारसचे नाव? १७७५ च्या तहाने बनारस कंपनीकडे गेले, पण ओळखीच्या झालेल्या रुपयावरचे नाव नवाबांच्या लखनौतल्या टांकसाळीने तसेच पुढे चालवले. १८१९ मध्ये गाजीउद्दीन हैदर यांनी स्वतःला बादशहा म्हणवून घेतले, तेव्हा कुठे अवधच्या रुपयावर त्यांचे स्वतःचे नाव आले.

म्हणजे नाणे विचित्र दिसते एवढ्यावरून ते चुकलेले ठरत नाही. ते कसे तयार होते हे आधी समजून घ्यावे लागते. लखनौच्या रुपयाला जे लागू, तेच आपल्या पर्समधल्या पाच-दहाच्या नाण्यालाही.

नाणे जन्माला कसे येते?

आज आपल्या देशात चार सरकारी टांकसाळी आहेत : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि उत्तर प्रदेशातले नोएडा. नोएडाची टांकसाळ सर्वांत धाकटी, १९८८ सालची. चारही ठिकाणी मूळ कृती एकच. धातूच्या लांब पट्टीतून यंत्र चकत्या कापते. या चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन स्वच्छ करतात आणि त्यांची कडा दाबून किंचित उचलून घेतात. मग प्रत्येक चकती पोलादी कड्यात बसते. खाली एक ठसा, वर दुसरा. प्रचंड दाबाचा एकच ठोका बसतो आणि छापा-काटा दोन्ही एकदम उमटतात. कड्याला आतून रेषा असतील तर नाण्याच्या कडेवर कंगोरे येतात. आधुनिक यंत्र दर मिनिटाला अशी शेकडो नाणी पाडते.

एवढी कृती डोळ्यांपुढे ठेवली की अर्धे काम झाले. कारण चूक होण्याच्या जागा तीनच : चकतीत, ठशात किंवा ठोक्यात. हातातल्या नाण्यातला दोष या तिन्हींपैकी कोठेच बसत नसेल, तर तो टांकसाळीबाहेर पडल्यानंतरचा समजावा.

चकतीची चूक

धातूची पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर कापणारे यंत्र आधीच्या भोकाला लागूनच पुन्हा कापते. मग पोळीचा घास काढावा तशी, एका बाजूने चंद्रकोरीएवढा तुकडा नसलेली चकती मिळते. अशा नाण्याची एक फार चांगली खूण आहे. जिथे तुकडा नाही, त्याच्या बरोबर समोरच्या बाजूची कडा पाहावी. ती पुसट किंवा बसकी असते. कारण कडा उचलताना चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. शिवाय तुटलेल्या भागाजवळची अक्षरे हळूहळू विरत गेलेली असतात. कानशीने घासून केलेल्या 'चुकीत' मात्र समोरची कडा ठणठणीत असते, अक्षरे सुरीने कापावीत तशी मध्येच संपतात आणि भिंगाखाली कानशीचे ओरखडे दिसतात.

दुसऱ्याच धातूची चकती चुकून यंत्रात गेली तरी चूक होते. याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले. १९४३ साली महायुद्धामुळे तांबे वाचवण्यासाठी तिथला सेंट पोलादाचा केला गेला. पण आधीच्या काही तांब्याच्या चकत्या यंत्रात राहून गेल्या आणि १९४३ चे मोजके सेंट तांब्याचे निघाले. ते इतके मोलाचे ठरले की लबाडांनी पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवायला सुरुवात केली. ही लबाडी पकडायला प्रयोगशाळा लागत नाही, लहान मुलांच्या खेळण्यातले लोहचुंबक पुरते!

ठशाची चूक

ठसा लक्षावधी ठोके सोसतो आणि कधी तरी त्याला तडा जातो. ठशातल्या तड्यात धातू शिरतो, म्हणून नाण्यावर ती रेघ उंचावलेली उमटते. ही खूण पक्की लक्षात ठेवावी. ठशाचा तडा म्हणजे नाण्यावर उठलेली रेघ. नंतरचा ओरखडा म्हणजे नाण्यात खोल गेलेली रेघ. अंगठ्याचे नखही हा फरक सांगते.

ठशाच्या खोलगट अक्षरांत वंगण आणि धूळ साचली तर ते अक्षर किंवा आकडा पुसट येतो, कधी येतच नाही. पण 'आकडा गायब' असलेले नाणे घासूनही बनवता येते. अशा वेळी मोकळी जागा आजूबाजूच्या पृष्ठभागासारखीच आहे का ते भिंगातून पाहावे. तिथे वेगळी चकाकी, खळगा किंवा घासल्याच्या रेषा असतील तर ते हातचे काम.

कधी एक ठसा आपल्या जागी फिरलेला असतो. आपले नाणे वर-खाली दोन बोटांत धरावे आणि पुस्तकाचे पान उलटतो तसे डावीकडून उजवीकडे फिरवावे. दुसरी बाजू सरळ दिसली पाहिजे. ती थोडी तिरकी असेल तर विशेष काही नाही. पण पार आडवी किंवा उलटी असेल, तर ते नाणे बाजूला ठेवण्याजोगे आहे.

ठोक्याची चूक

चकती कड्यात नीट बसली नाही आणि ठोका पडला तर ठसा एका बाजूला सरकतो. एका बाजूला अर्धे चित्र, दुसऱ्या बाजूला कोरा धातू. खऱ्या नाण्यात हा कोरा भाग गुळगुळीत, मूळ चकतीसारखाच असतो. तिथे पुसलेल्या अक्षरांची सावलीसुद्धा नसते.

आणखी एक मजेदार चूक. पाडलेले नाणे कधी ठशालाच चिकटून राहते. पुढची चकती आली की तिच्यावर ठशाऐवजी या चिकटलेल्या नाण्याचा छाप बसतो. मग नव्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीचे चित्र, तर दुसऱ्या बाजूला तेच चित्र आरशातल्यासारखे उलटे आणि खोल गेलेले. या चुकीची नक्कल सर्वांत जास्त होते. दोन नाणी एकमेकांवर ठेवून शेगड्यात (लोहाराच्या वाइसमध्ये) आवळली की एकाची अक्षरे दुसऱ्यावर उलटी उमटतात. पण तिथे मूळ अक्षरेही चपटी होऊन खाली दिसत राहतात आणि कडा दबलेली असते. खऱ्या चुकीत खाली दुसरे काही नसतेच, कारण ठोका कोऱ्या चकतीवर पडलेला असतो.

दोन धातूंच्या दहाच्या नाण्यातही असेच. आतली चकती टांकसाळीतच सरकलेली असेल तर चित्र दोन्ही धातूंवरून सलग गेलेले दिसते. आतली चकती ठोकून काढून पुन्हा बसवली असेल तर जोडावर चित्र जुळत नाही.

दोन वेगळ्या नाण्यांचे ठसे एकत्र आले तर 'विजोड' नाणे तयार होते. ब्रिटनमध्ये २००८ साली नाण्यांची नवी चित्रे आली आणि वीस पेन्सच्या नाण्यावरचे साल मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूवर गेले. पण काही नाण्यांना पुढचा ठसा जुना आणि मागचा नवा लागला. परिणाम? नाण्यावर साल कोठेच नाही! ही चूक पुढच्या वर्षी उघडकीस आली आणि तिथल्या टांकसाळीनेही ती मान्य केली.

नवल, पण चूक नव्हे

आता अशी नाणी, ज्यांना लोक हमखास चूक समजतात.

सालाखाली खूण नाही : मुंबईच्या नाण्यावर सालाखाली हिऱ्याच्या आकाराची चौकट, हैदराबादच्या नाण्यावर तारा आणि नोएडाच्या नाण्यावर गोल ठिपका असतो. कोलकात्याच्या टांकसाळीची खूणच नसते. तेव्हा 'खूण विसरली' असे म्हणू नये.

सालाखाली परके अक्षर : १९८५ साली नाण्यांची चणचण भासली म्हणून काही नाणी परदेशात पाडून घेतली गेली. 'एच' अक्षर बर्मिंगहॅमचे, 'सी' कॅनडातल्या ओटावाचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीसही स्लोव्हाकिया, रशिया अशा देशांतून नाणी आली. ती संग्रहात ठेवण्याजोगी आहेत, पण चुकलेली नाहीत.

एकाला चुंबक चिकटते, दुसऱ्याला नाही : १९९२ ते २००४ या काळातली अकरा बाजूंची दोन रुपयांची नाणी तांबे-निकेलची होती. २००५ पासून दोन रुपये पोलादी झाले. चुंबकाचा फरक त्यामुळे आहे.

दहाच्या नाण्यांची वेगवेगळी चित्रे : रुपयाचे चिन्ह असलेले आणि नसलेले दहाचे नाणे, यांपैकी एक खोटे अशी अफवा अनेक गावांत पसरली होती. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की तोवर निघालेल्या चौदाही प्रकारच्या दहाच्या नाण्यांना चलनात मान्यता आहे.

शंभराचे नाणे : २०२० च्या नोव्हेंबरमध्ये लखनौ विद्यापीठाच्या शताब्दीनिमित्त शंभर रुपयांचे नाणे निघाले. अशी नाणी बाजारात फिरण्यासाठी नसतात, संग्राहकांसाठी असतात. ते पाहून 'हे खोटे' म्हणणारा आणि 'ही दुर्मिळ चूक' म्हणणारा, दोघेही चुकतात.

बाजारात बनणाऱ्या 'चुका'

'शोले'मधले जयचे दोन्ही बाजूंना छापा असलेले नाणे कोण विसरेल? पण तसे नाणे कोणी आपल्याला 'टांकसाळीची चूक' म्हणून दाखवले तर हसून परत द्यावे. एक नाणे आतून कोरून, दुसरे पातळ करून त्यात बसवले की जादूगाराचे नाणे तयार होते. कडेच्या आतल्या बाजूस बारीक जोड दिसतो आणि फरशीवर टाकल्यास आवाज बद्द येतो.

आम्लात बुडवलेले नाणे पातळ होते, अक्षरे झिजतात आणि वजन घटते. रुळावर चपटे झालेले नाणे रुंद होते, पण त्याची अक्षरेही ताणली जातात. मुलामा दिलेल्या नाण्याची कडा किंचित खरवडली की खालचा रंग डोकावतो. जळालेले, वाकलेले, भोक पाडलेले नाणे हे निव्वळ खराब झालेले नाणे. आणि मुद्दाम असे उद्योग करणेही बरे नव्हे. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे.

घरच्या घरी पाच पारखी

१. भिंग : दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्यावे. दिव्याचा प्रकाश बाजूने पडू द्यावा. उंच रेघ आणि खोल ओरखडा लगेच वेगळे दिसतात.

२. वजन : स्वयंपाकघरातला काटा पुरत नाही, सोनाराकडचा बारीक काटा हवा. १९९२ ते २००४ चा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅम, अकरा बाजूंचे दोन रुपये ६ ग्रॅम, त्याच काळातले तांबे-निकेलचे पाच रुपये ९ ग्रॅम, २०११ नंतरचा लहान रुपया ३.७९ ग्रॅम. झिजेने किंचित फरक पडतो. मोठा फरक असेल तर कारण शोधावे.

३. चुंबक : त्या सालाचे नाणे ज्या धातूचे असायला हवे, त्याप्रमाणे ते वागते का?

४. जोडीदार : त्याच सालाचे, त्याच टांकसाळीचे चांगले नाणे शेजारी ठेवून ताडून पाहावे. निम्म्या शंका इथेच मिटतात.

५. प्रश्न : 'यंत्राने हे कसे केले असेल?' चकती, ठसा, ठोका, यांपैकी कोठेच उत्तर मिळत नसेल तर नाणे खुशाल भाजीवाल्याला द्यावे.

किंमत येते कशाने?

चूक खरी ठरली म्हणून पैसा मिळेलच असे नाही. बारीक तडा किंवा पुसट अक्षर असलेली नाणी भरपूर असतात. किंमत येते ती चूक ठळक असेल, तशी नाणी थोडी असतील आणि घेणारे जास्त असतील तेव्हा.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया पाहा. राजाच्या अंगावरच्या साखळीत हत्ती कोरला होता, पण त्याची सोंड इतकी आखूड दिसत होती की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान प्रजेत नाराजी पसरली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांपैकी सात लाखांच्या आसपासच बाहेर गेले. उरलेले वितळवून पुढल्या वर्षी हत्ती नीट कोरला गेला. ही खरे तर यंत्राची चूक नव्हे, चित्राची. तरी 'डुकराचा रुपया' संग्राहक आजही आवडीने घेतात, कारण तो थोडा आहे आणि त्याची हकिगत सर्वांना माहीत आहे.

याउलट २०१२ मधले वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच आणि दहा रुपयांचे नाणे. ते 'लाखोंना विकले जाते' असे निरोप मोबाइलवर फिरत राहिले. प्रत्यक्षात ते स्मारक म्हणून काढलेले साधे चलनी नाणे आहे.

खरा धोका नाण्यात नाही

फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. इंटरनेटवर किंवा मोबाइलवर जाहिरात दिसते. आपण नाण्याचा फोटो पाठवतो. लगेच उत्तर येते, 'अभिनंदन! आपल्या नाण्याचे अमुक लाख मिळतील.' मग नोंदणीचे थोडे पैसे मागतात. त्यानंतर कर, कमिशन, विमा. प्रत्येक वेळी 'हे शेवटचे'. सोबत रिझर्व्ह बँकेचे नाव आणि चिन्ह असलेले कागदही पाठवतात. निवृत्तिवेतनावर जगणारे आजोबा किंवा मुलीच्या लग्नाची काळजी असलेली आई अशा आशेला सहज बळी पडते, आणि फसल्यावर लाजेने घरात सांगतही नाही.

४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने याविषयी जाहीर सूचना काढली. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. घरातल्या प्रत्येकाने एवढे एकच सूत्र पाठ करावे : नाणे विकणाऱ्याने पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात. खरा खरेदीदार नाणे हातात घेऊन पाहतो आणि पैसे मोजतो.

शंका असेल तर विचारायला जागा आहेत. अनेक शहरांत नाणेसंग्राहकांची मंडळे आहेत, त्यांची प्रदर्शने भरतात. लखनौला जाणे झाले तर बनारसी बागेत, प्राणिसंग्रहालयाच्या आवारात राज्य संग्रहालय आहे. १८६३ पासूनची ही संस्था, आणि तिच्याकडे नाण्यांचा फार मोठा साठा आहे. लखनौच्याच कॅनिंग कॉलेजात शिकवणारे सी. जे. ब्राउन यांनी तिथल्या मोगल नाण्यांची सूची १९२० साली छापली आणि अभ्यासक आजही तिचा आधार घेतात. नाणी ओळखायला शिकायचे तर अस्सल नाणी भरपूर पाहावी लागतात, आणि संग्रहालयात ती पाहायला मिळतात.

आणि घरात खरोखरच एखादे शंकास्पद नाणे सापडले तर ते चिंच, राख किंवा टूथपेस्टने घासून लख्ख करू नका. घासलेल्या नाण्याची किंमत जाते आणि चुकीचा पुरावाही जातो. कडेला धरून कागदी पाकिटात ठेवा. वर साल, टांकसाळीची खूण आणि ते कोठे, कधी मिळाले ते लिहा. घरात शाळकरी मुले असतील तर भिंग आणि चुंबक त्यांच्या हाती द्या. एका रविवारी डब्यातली चिल्लर सतरंजीवर ओतून प्रत्येक नाण्याची टांकसाळ शोधायला सांगा. चुकलेले नाणे सापडो न सापडो, पुढे कोणी भलते नाणे त्यांच्या गळ्यात मारू शकणार नाही.